दुष्काळी वर्षात धान्य कंपनीचा नफा वाढला, आता हक्कभाग घ्यावेत का?

जुलै २०२४ मध्ये आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीच्या एका वाचकाच्या बाबांनी निवृत्तीच्या पैशातले आठ लाख रुपये एका धान्य विपणन कंपनीच्या भागांत (शेअर्समध्ये) घातले आहेत. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. कचेरी तुर्भ्याला, भाड्याचं गोदाम कळंबोलीला, धंदा तूर, हरभरा आणि ज्वारीचा. २०२३-२४ हे दुष्काळाचं वर्ष गेलं, तरी उलाढाल ५८ कोटींवरून ६६ कोटींवर आणि करपूर्व नफा ७० लाखांवरून १ कोटी ५ लाखांवर गेला. आता कंपनी जुन्या भागधारकांना हक्कभाग, म्हणजे आधीच्या भागांच्या प्रमाणात नवे भाग विकत घ्यायची संधी, देऊ करते आहे. संचालक सांगतात, दुष्काळात भाव चढतात आणि भाव चढले की आपला फायदाच होतो. बाबांना आणखी चार लाख घालायचे आहेत. घालावेत का?

मी सनदी लेखापाल आहे. चोवीस वर्षं नवी मुंबईतल्या वाशीच्या दाणाबंदरातल्या पेढ्यांचे हिशेब तपासतो आणि बँकांच्या वतीने गोदामांत जाऊन मालाची मोजणी करतो. तुम्ही ताळेबंदासोबत सभेतली टिपणं आणि महिनावार भावांचा तक्ताही दिलात, म्हणून नेमकं काही सांगता येईल. माझ्या मते चार लाखांच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागेल. वाढलेला नफा कंपनीने धंदा करून मिळवला, की चढत्या भावाने तो तिच्या पदरात टाकला? याचं उत्तर मिळालं की पुढच्या वर्षाचा अंदाजही त्यातूनच निघतो.

आधी क्विंटल बघा. धान्याच्या धंद्यात नुसत्या रुपयांच्या उलाढालीवरून काही कळत नाही, कारण तिच्यात माल आणि भाव एकत्र मिसळलेले असतात. तुमच्या टिपणाप्रमाणे २०२२-२३ मध्ये कंपनीने एक लाख क्विंटल माल विकला आणि २०२३-२४ मध्ये ८८ हजार. माल १२ टक्क्यांनी घटला. सरासरी विक्रीभाव मात्र ५,८०० रुपयांवरून ७,५०० वर गेला, म्हणून उलाढाल वाढलेली दिसते. गोदामाचं भाडं, पगार, विमा हे खर्च माल कमी आला म्हणून कमी होत नाहीत. हमाली आणि तोलाई गोणीमागे असते, ती तेवढी घटते. त्यामुळे क्विंटलमागचा स्थिर खर्च दुष्काळात वाढतोच.

आता ढोबळ नफा, म्हणजे विक्रीतून मालाची खरेदी किंमत वजा केल्यावर उरतं ते. तो साडेतीन कोटींवरून ३ कोटी ९६ लाखांवर गेला, म्हणजे क्विंटलमागे ३५० चे ४५० झाले. वरवर पाहता कमी मालात जास्त कमाई. पण १ एप्रिल २०२३ ला गोदामात ५ कोटी २० लाखांचा, साधारण ८ हजार क्विंटल माल शिल्लक होता आणि तो जुन्या भावाने घेतलेला होता. त्यानंतर भाव चढत गेले. तुमच्या तक्त्यावरून हिशेब केला, तर हा माल नेहमीच्या नफ्याच्या वर क्विंटलमागे सुमारे १,२०० रुपये जास्त मिळवून गेला. ८ हजार गुणिले १,२०० म्हणजे ९६ लाख. १ कोटी ५ लाखांतून ते बाजूला काढा. उरतात ९ लाख, आणि आदल्या वर्षी होते ७० लाख.

हे ९६ लाख खोटे नाहीत. कंपनीने ते रीतसर मिळवले आणि त्यावर कर भरला. पण माझ्या कामाच्या कागदात मी अशी रक्कम नेहमी वेगळ्या ओळीवर लिहितो, कारण भाव वर जातानाच ती मिळते आणि भाव खाली येताना तेवढीच परत द्यावी लागते. संचालकांना मी हा एकच प्रश्न विचारीन: यंदा गोदामात जुन्या भावाचा माल किती आहे? ३१ मार्च २०२४ चा साठा चढ्या भावानेच घेतलेला आहे. मागच्या वर्षीचा आधार यंदा नाही.

इथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. कंपनी अडतीवर काम करत असेल, म्हणजे दुसऱ्याचा माल विकून फक्त अडत (दलाली) घेत असेल, तर साठ्याची जोखीम तिची नसते. मग वरचा हिशेब लागू होत नाही. अशा कंपनीच्या उत्पन्नात अडतच दिसायला हवी, मालाची पूर्ण किंमत नव्हे. स्वतःची डाळ मिल असेल तर साठ्याचे नियम वेगळे आणि दुष्काळाचा मारही वेगळा, कारण कच्चा माल मिळाला नाही की यंत्रं बसून राहतात. तुमच्या कागदांवरून ही कंपनी स्वतःच्या नावावर माल घेते आणि तसाच विकते, असं मी धरून चाललो आहे. तिसरी गोष्ट, माल कुठून येतो. सगळी खरेदी लातूर, बार्शी, धाराशिव या एकाच पट्ट्यातून असेल तर एका वर्षाचा पाऊस तिला पूर्ण पाडतो. विदर्भ, कलबुर्गी आणि मध्य प्रदेशातही खरेदीची माणसं असतील तर ती तग धरते.

ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने १५ जिल्ह्यांतल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत बार्शी आहे, रेणापूर आहे, धारूर आहे, आणि धाराशिव जिल्ह्यातलं वाशीही आहे. ते नाव वाचून मी थांबलो होतो. त्या वाशीत शेत करपलं, आणि आमच्या वाशीत त्याच महिन्यांत पेढ्यांच्या वह्यांत नफा चढत होता. यात व्यापाऱ्याचा दोष आहे असं मी म्हणत नाही. पण दुष्काळामुळे आपलं भलं होतं, असं सभेत सांगणाऱ्या माणसाने तो माल कुठून येतो हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं. पुढच्या वर्षी त्याच शेतकऱ्याकडे बियाण्याला पैसा नसेल तर आवक आणखी घटणार आहे.

दुष्काळात धंद्याचे इतर धागेही ताणले जातात. आवक कमी आणि घेणारे तेवढेच, त्यामुळे खरेदीत चढाओढ लागते आणि खरेदी-विक्रीच्या भावांतली फट अरुंद होते. दाणा बारीक राहतो, काडीकचरा जास्त निघतो, त्यामुळे विकलेल्या मालावर वटाव (किमतीत सूट) मागणारे वाढतात. लांबून माल आणला की वाहतूक अंगावर पडते. याचा वेगळा आकडा ताळेबंदात सापडत नाही, पण ७० लाखांचे ९ लाख का झाले ते यातून कळतं.

आता रोकड. मला सगळ्यात जास्त काळजी इथे वाटते, म्हणून जरा सावकाश वाचा. साठा ५ कोटी २० लाखांवरून ९ कोटी ४० लाखांवर गेला. येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, सव्वासात कोटींवरून ११ कोटींवर गेली. दोन्ही मिळून ७ कोटी ९५ लाख रुपये जास्तीचे अडकले. हे पैसे आले कुठून? बँकेची कॅश क्रेडिट (साठा आणि येण्यांच्या तारणावरची उचल) साडेपाच कोटींवरून ११ कोटींवर गेली, म्हणजे साडेपाच कोटी बँकेचे. कर वजा जाता नफ्यातून पाऊण कोटीच्या थोडे वर मिळाले असतील. उरलेले सुमारे १ कोटी ६५ लाख देणेकऱ्यांचे आहेत. ज्यांच्याकडून माल घेतला त्यांचे पैसे लांबवले गेले आहेत.

ते देणेकरी कोण, हे विचारा. लातूर-अकोल्याचे मोठे अडते असतील तर तो व्यापारी उधारीचा भाग आहे, व्याजासकट मिटतो. थेट शेतकरी किंवा शेतकरी गट असतील तर माझा स्वर बदलेल. ज्या वर्षी त्याच्या हातात अर्धंच पीक आलं, त्याच वर्षी त्याचे पैसे अडकवून कंपनीने साठा वाढवला असेल, तर नफा किती का असेना, मी तिथे पैसे घालणार नाही.

येण्यांकडे पुन्हा एकदा बघा. सव्वासात कोटी म्हणजे ५८ कोटींच्या उलाढालीवर साधारण ४६ दिवसांची उधारी. ११ कोटी म्हणजे ६६ कोटींवर ६१ दिवसांची. पंधरा दिवस वाढले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या किराणा दुकानदारांचं गणित सोपं असतं: डाळ महाग झाली की गिऱ्हाईक दोन किलोऐवजी एक किलो नेतं, माल हळू फिरतो, पैसे उशिरा येतात. म्हणजे कंपनीने भाव वाढवून विकलं खरं, पण वाढीव पैसा अजून दुकानदाराकडेच आहे. ९० दिवसांच्या पुढे गेलेली येणी बँका सहसा उचल ठरवताना धरत नाहीत. पंधरा दिवसांची ही वाढ सगळ्या गिऱ्हाइकांकडे थोडी थोडी आहे, की चार-पाच मोठ्या खात्यांत साचली आहे, यावर पुष्कळ काही ठरेल.

साठ्याच्या मर्यादेविषयी सभेत कोणी विचारलेलं दिसत नाही, ते विचारायलाच हवं होतं. तुमच्या टिपणात ३१ मार्चला फक्त तूर ६ हजार क्विंटल, म्हणजे ६०० टन, सुमारे सहा कोटींची. २१ जून २०२४ च्या केंद्राच्या आदेशाने घाऊक व्यापाऱ्याला तुरीची मर्यादा २०० टन, म्हणजे २ हजार क्विंटल ठरली. ती ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत लागू होती आणि जास्तीचा माल १२ जुलैपर्यंत खाली आणायचा होता. हे लिहितो आहे तेव्हा ती १२ जुलैची तारीख नुकतीच उलटली आहे. तेव्हा ४ हजार क्विंटल तूर विकली गेली का, कोणाला, आणि पैसे आले का? साडेअकरा हजारांच्या आसपास विकली असेल तर त्यात ६० लाखांचा फायदा झाला असेल, म्हणजे यंदाची पहिली सहामाहीही छान दिसेल. विकली नसेल तर कंपनी कायद्याच्या कचाट्यात आहे. आणि नातेवाइकांच्या तीन पेढ्यांत वाटून दाखवली असेल, तर ते त्याहून वाईट.

मागच्या वर्षी काय झालं ते आठवा. २ जून २०२३ ला तूर आणि उडदावर हीच २०० टनांची मर्यादा आली, आणि सप्टेंबरअखेर ती ५० टनांवर आणली गेली. ५० टन म्हणजे तीन ट्रक. पुढे नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा २०० झाली. गव्हाची मर्यादा तर जून २०२३ च्या ३ हजार टनांवरून फेब्रुवारी २०२४ पर्यंत ५०० टनांवर उतरली. दुष्काळात भाव चढला की सरकार खाणाऱ्याच्या बाजूने उतरतंच, आणि त्याने तसं करायलाही हवं. म्हणून दुष्काळात साठा धरून कमवायचं हे धोरण म्हणून टिकत नाही. भाव ज्या दिवशी सगळ्यात चांगला असतो, नेमकं तेव्हाच माल धरायला मनाई होते.

भावाचा धोका दुसऱ्याच्या डोक्यावर टाकायची सोयही इथे नाही. तूर आणि उडदाचे वायदे (पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आज ठरवणारे सौदे) २००७ मध्ये बंद झाले, हरभऱ्याचे २०२१ मध्ये. गोदामात जेवढा माल, तेवढी जोखीम सरळ कंपनीच्या अंगावर.

दुष्काळाचा फटका धान्य कंपनीला बहुतेक वेळा पाऊस पडल्यावर बसतो. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन कमी पावसाची वर्षं गेली. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किरकोळीत किलोला २०० रुपयांपर्यंत पोहोचली. त्या हंगामात देशात सुमारे २५.६ लाख टन तूर पिकली होती. २०१६ ला पाऊस चांगला झाला, शेतकऱ्यांनी भाव बघून तूर पेरली आणि पीक ४८.७ लाख टनांवर गेलं. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये होता, बाजारात तूर त्याखाली गेली. खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, बारदान संपलं.

एप्रिल २०१७ मध्ये मी बँकेच्या कामासाठी भिवंडीजवळच्या एका गोदामात गेलो. पेढीचं नाव सांगत नाही. तिला दुष्काळाच्या दोन वर्षांत आयुष्यातला सगळ्यात मोठा नफा झाला होता आणि तो बघूनच बँकेने मर्यादा वाढवून दिली होती. तुरीची थप्पी छताला भिडलेली. थप्पीला दोरीने बांधलेल्या कार्डावर शेवटची नोंद ऑगस्ट २०१६ ची. हमालाने शिडी लावली, मी वरच्या थरातल्या गोणीत परखी (नमुना काढायची टोकदार नळी) खुपसली आणि दाणे तळहातावर घेतले. चार-पाच दाण्यांमागे एकाला टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक होतं, आणि बोटांच्या फटींत पांढरा भुगा साचला. भुंग्याने आतून पोखरलेली तूर. दहा गोण्या काट्यावर घेतल्या. वर ५० किलो लिहिलेलं, भरल्या सरासरी ४६. वहीत हा माल ९,२०० रुपये क्विंटलने धरला होता. त्या दिवशी बाजारात चांगल्या तुरीचा भाव जवळजवळ निम्मा होता. थप्पीचा काही भाग ३० मार्चला मालकाच्या मेहुण्याच्या पेढीला ८,९०० ने विकल्याचं बिल होतं. माल जागचा हलला नव्हता.

मालक वाईट माणूस नव्हता. पावसाळा संपेपर्यंत भाव बारा हजार होईल असं त्याला खरंच वाटत होतं. मला आजही त्याचा चेहरा आठवतो. पुढच्या दिवाळीच्या आत त्याचा गाळा विकला गेला आणि त्याच्याकडे ठेवी ठेवलेल्या दोन-तीन कुटुंबांचे पैसे बुडाले. तुमच्या बाबांसारखीच माणसं होती ती. म्हणून इतकं लांबण लावतो आहे.

हिशेबाचा नियम सांगतो की साठा खरेदी किंमत किंवा विकून पदरात पडणारी किंमत, यांतल्या कमी रकमेने दाखवायचा. चढत्या बाजारात हा नियम कोणाला टोचत नाही, कारण खरेदी किंमतच कमी असते. पडत्या बाजारात मात्र तोटा विकण्याआधीच लिहावा लागतो. तेव्हाच, तो तोटा लपवायला, मेहुण्याच्या पेढीला दिलेल्या बिलासारखी बिलं जन्माला येतात.

दूरचं एक उदाहरण देतो, कारण त्यात उलटी बाजू दिसते. ऑस्ट्रेलियात ग्रेनकॉर्प ही धान्य साठवण, हाताळणी आणि विक्री करणारी, शेअर बाजारात नोंदलेली मोठी कंपनी आहे. पूर्व ऑस्ट्रेलियाच्या दुष्काळात तिच्या कोठारांत आणि बंदरांवर माल येईनासा झाला, खर्च मात्र चालूच राहिला. २०१९ च्या आर्थिक वर्षात तिला ११.३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा तोटा झाला. त्याच वर्षी तिने दहा वर्षांचा एक करार केला. पूर्व किनाऱ्याचं हिवाळी पीक १५३ लाख टनांच्या खाली गेलं तर कमी पडलेल्या प्रत्येक टनामागे तिला १५ डॉलर मिळणार, वर्षाला जास्तीत जास्त ८ कोटी. पीक १९३ लाख टनांच्या वर गेलं तर त्याच दराने तिने द्यायचे, जास्तीत जास्त ७ कोटी. चांगल्या वर्षातला थोडा नफा सोडून वाईट वर्षातला तोटा तिने बांधून घेतला. जिचं पोट टनांवर भरतं अशी कंपनी दुष्काळाला नुकसान मानते आणि त्यापासून संरक्षण घेते. आपल्या संचालकांना दुष्काळ फायद्याचा वाटतो याचा अर्थ त्यांचं पोट भावावर भरतं आहे.

पुढचं वर्ष कसं दिसतं? हवामान खात्याने एप्रिल २०२४ मध्ये यंदा दीर्घकालीन सरासरीच्या १०६ टक्के पावसाचा अंदाज दिला. तुरीची आयात जुलै २०२४ मध्ये ३१ मार्च २०२५ पर्यंत शुल्काशिवाय खुली होती, आणि मोझांबिक, टांझानियाची तूर पावसाळ्याच्या शेवटी न्हावाशेवाला उतरू लागते. आपली नवी तूर डिसेंबर-जानेवारीत येईल. सप्टेंबरपर्यंत भाव टिकले तर पहिली सहामाही चांगली जाईल. खरी परीक्षा जानेवारी ते मार्चमध्ये. ३० सप्टेंबरनंतर मर्यादा उठली आणि कंपनीने पुन्हा ६ हजार क्विंटल तूर भरून ठेवली, तर भावातल्या प्रत्येक हजार रुपयांच्या घसरणीला ६० लाख जातील. तीन हजारांनी उतरला तर १ कोटी ८० लाख. कंपनीचं स्वतःचं भांडवल आहे साडेपाच कोटी. त्यातला एक तृतीयांश एका मालात. साठा २ हजार क्विंटलवर ठेवला तर तीच घसरण ६० लाखांत निभावते.

पडत्या बाजाराचा दुसरा घाव उधारीवर बसतो. महाग डाळ घेतलेला दुकानदार स्वस्ताईत तोट्यात जातो, मग पैसे थांबवतो, वटाव मागतो, माल परत घ्या म्हणतो. साठ्याची किंमत उतरली की बँकेची उचल आपोआप कमी होते. दोन्ही एकाच महिन्यात होतं, आणि कंपनीला नेमक्या चुकीच्या वेळी माल विकावा लागतो. मी पाहिलेल्या बुडालेल्या पेढ्यांतल्या बहुतेक पेढ्यांचा तोटा फार मोठा नव्हता. त्यांची रोकड संपली होती.

कागदांत हे कुठे शोधायचं ते सांगतो. शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीचाही ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून बघता येतो. लेखापरीक्षकाच्या अहवालाला जे परिशिष्ट असतं त्यातला दुसरा मुद्दा साठ्याचा. मोजणीत दहा टक्के किंवा जास्त फरक निघाला का, आणि बँकेची मर्यादा पाच कोटींच्या वर असेल तर बँकेला दर तिमाहीला दिलेली साठ्याची पत्रकं वह्यांशी जुळतात का, हे तिथे लिहावंच लागतं. या कंपनीला ते लागू आहे. ‘जुळत नाहीत’ असं एक वाक्य दिसलं तरी मी पुढे वाचत नाही. त्यानंतर येण्यांचा वयवार तक्ता बघा: सहा महिन्यांच्या आतली किती, त्यावरची किती. देण्यांचाही वयवार तक्ता असतो. गुणोत्तरांच्या टिपेत २५ टक्क्यांहून जास्त बदलाचं कारण द्यावं लागतं. साठा फिरण्याचा वेग बराच उतरला असणार, त्याचं कारण कंपनीने काय दिलं आहे ते वाचा. आणि संबंधित व्यक्तींशी (संचालक, त्यांचे नातेवाईक, त्यांच्या पेढ्या) झालेल्या व्यवहारांची टीप. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली विक्री तिथे दिसते का?

एवढं झालं की संचालकांना लेखी विचारा: हक्कभागांचा पैसा कशासाठी? बँकेची उचल फेडायला आणि देणेकऱ्यांचे थकलेले पैसे द्यायला असेल तर तो समजूतदारपणा आहे. साठा वाढवायला असेल तर बाबांचा पैसा चढत्या भावाच्या टोकाला तुरीत जाणार आहे. भागाची किंमतही बघा. पुस्तकी मूल्यापेक्षा (ताळेबंदानुसार एका भागाच्या मूल्यापेक्षा) फार खाली देत असतील तर हक्क सोडल्याने बाबांच्या जुन्या आठ लाखांची किंमत थोडी पातळ होईल. मूल्याच्या आसपास असेल तर न घेतल्याने फारसं बिघडत नाही. कंपनीच्या नियमावलीत मनाई नसेल तर हक्क दुसऱ्याच्या नावे सोडताही येतो.

माझं मत विचाराल तर आज चार लाख घालू नयेत. निवृत्तीचा पैसा आहे, आणि आधीचे आठ लाख याच एका धंद्यात आहेत. मुदत सात ते तीस दिवसांची असते, तेवढ्यात ही उत्तरं लेखी मिळाली आणि ४ हजार क्विंटल विकून पैसे बँकेत आल्याचं दिसलं, तर लाखभराचा विचार करता येईल. संचालकांनी तोंडी आश्वासनं दिली तर त्यावर जाऊ नका. भाग न घेता ‘ठेव’ म्हणून पैसे मागितले तर स्वच्छ नाही म्हणा.

बाबांशी बोलताना नफ्याच्या आकड्यापासून सुरुवात करू नका. ८८ हजार क्विंटलपासून करा. हे त्यांना लगेच उमजेल. संचालक गोदाम दाखवायला तयार झाले तर बाबांना घेऊन कळंबोलीला जरूर जा आणि तुरीच्या थप्पीवरचं कार्ड वाचा: माल कधी आला, शेवटची गोणी कधी गेली, धुरी कधी दिली. त्या तीन तारखा इथे लिहा, मी पुढचं सांगतो.